धबधब्यामागचा दरवाजा

“श्वास घ्या, रोखून धरा,” असं मी म्हटलं आणि पुढचं “सोडा” म्हणायचं साफ विसरले. काचेपलीकडे एक आजोबा एक्स-रेच्या प्लेटला छाती चिकटवून उभे, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद होत चाललेला, आणि मी इकडे बटणावर बोट ठेवून भलतीकडेच कान लावून उभी. शेवटी बिचारे दातांतल्या दातांत म्हणाले, “बाई, सोडू का आता?” बावीस वर्षं परळमध्ये हेच काम करतेय, हजारो लोकांच्या बरगड्या पाहिल्या, पण असं कधी झालं नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की बाहेरच्या बाकावर आमचा नवा टेक्निशियन गौतम डबा संपवून हातातल्या छोट्या गेमवर काहीतरी खेळत होता आणि त्यातून एक सूर आला होता. चार टिणटिण चढत गेले, मग क्षणभर काहीच नाही, मग एक लांबलचक घसरता आवाज. आधी माझ्या मानेवर काटा आला, आणि तो कशाने आला हे शोधत मी त्या सुरापर्यंत पोचले. आजोबांना सोडलं, त्यांची माफी मागितली, फिल्म नीट आलीय ना ते पाहिलं आणि जवळजवळ धावतच बाहेर गेले. “काय लावलंयस हे?” मी इतक्या जोरात विचारलं की गौतमला वाटलं मी ओरडतेय. त्याने घाईघाईने ते यंत्र पाठीमागे लपवलं. “सॉरी मॅडम, लंच टाइम आहे म्हणून...” “अरे लपवतोस काय! दाखव, दाखव.” त्याने दाखवलं. हिरव्यागार डोंगरावर एक माणूस दोरी फेकून वर चढत होता. शेचाळीस वर्षांची बाई, डोक्यावर निम्मे केस पांढरे, ॲप्रनच्या खिशात चष्म्याचं घर, आणि मी तिथे दवाखान्याच्या बाकावर लहान पोरीसारखी टाळी वाजवली. “हा तर दोरीवाला!”

त्याचं खरं नाव ‘माउंट ओबारो’ आहे हे मला त्या दिवशी कळलं. गौतम सांगत होता की जुना जपानी गेम आहे, आता कंपनीने रीमास्टर काढलाय, म्हणजे गेम तोच पण चित्रं नव्याने रंगवलेली, गाणं मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं. जुन्या चाळीला रंग काढून लिफ्ट बसवावी तसं काहीतरी. आम्हाला कुठलं ओबारो नि फिबारो. लालबागला चिवडा गल्लीच्या तोंडाशी दौलतशेठचं व्हिडिओ पार्लर होतं, मळकट निळ्या पडद्याआड चार मशीन, आणि प्रत्येकीला आम्ही ठेवलेलं नाव. गाडीवाला, मारामारीवाला, बंद पडलेला, आणि दोरीवाला. मुली आत जात नसत. जाऊ नये असं कुणी सांगितलं नव्हतं, पण जात नसत, बस. माझा धाकटा भाऊ हितेंद्र मात्र शाळा सुटली की तिथेच. आई चुलीवरून हाक मारायची, “हित्याक बोलवून हाड गो, जेवाण निवता,” आणि मी उड्या मारत खाली जायचे, कारण त्याला बोलवायला जाणं हाच माझा खेळ होता. अंग पडद्याबाहेर आणि डोकं आत, अशी मी अर्धा अर्धा तास उभी राहायचे. आत बिडीचा वास, घामाचा वास, तापलेल्या तारांचा वास, आणि त्या सगळ्यातून तो दोरीवाला डोंगर चढत असायचा. वरून एक घार यायची आणि ती उलटी उडायची, शेपूट पुढे, चोच मागे. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. जपानात उडत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. मला सगळं पाठ होतं, कुठे दोरी कधी टाकायची, दगड कधी घरंगळतो, सहाव्या डोंगरावरचा तो मोठा धबधबा. त्या धबधब्यामागे एक दरवाजा आहे असं पार्लरमध्ये सगळे म्हणायचे. आनंदा नावाच्या एका मोठ्या मुलाने तो उघडला होता म्हणे, पण तो गावी निघून गेला आणि कसा उघडायचा हे कुणालाच सांगून गेला नाही. मग एका संध्याकाळी माझा अकरा वर्षांचा भाऊ पडद्यातून बाहेर आला तो नाचतच. “ताई, उघडला! दरवाजा उघडला! आत अख्खा समुद्र आहे, होडी आहे, होडीत बसलं की सगळे डोंगर खाली दिसतात!” तेव्हा आत पाहणारं कुणीच नव्हतं, दौलतशेठ चहाला गेले होते. बाहेर जमलेली पोरं हसायला लागली. थापाड्या, फेकू, काय काय म्हणायला लागली. आणि मी, त्याची सख्खी ताई, तेरा वर्षांची, सगळ्यांसमोर लाज वाटून म्हणाले, “खरं असेल तर घे आईची शपथ.” त्याने गळ्याची कातडी चिमटीत धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आईशप्पत.”

चार महिन्यांनी आई गेली. डोळे पिवळे झाले तेव्हा कुणी काविळीची माळ घालायला सांगितली, कुणी झाडपाला दिला, बाबांनी गिरणी बंद पडल्यापासून डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलायचा असं ठरवूनच टाकलं होतं, आणि परळला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला एकच गोष्ट समजली होती, आणि बाराव्या दिवशी घरात माणसांची गर्दी असताना, गॅलरीच्या टोकाला हित्याला गाठून मी ती त्याला सांगितली. “तू खोटी शपथ घेतलीस म्हणून आई गेली.” मला उत्तर नकोच होतं. मला कुणावर तरी ते टाकायचं होतं आणि तो जवळ होता, लहान होता. तो पुन्हा कधी पार्लरला गेला नाही. लालबागमध्ये ‘आईशप्पत’ हा शब्द लोक मिठासारखा वापरतात, भाजीवालासुद्धा मेथी ताजी आहे म्हणून शपथ घेतो, पण माझ्या भावाच्या तोंडून तो मी तेहतीस वर्षांत ऐकलेला नाही. आता तो ठाकूरद्वारला राहतो, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याला एक खोड आहे. तो काहीही सांगताना पुरावा पाठवतो. “ट्रॅफिकमध्ये अडकलोय,” की सोबत ट्रॅफिकचा फोटो. “ताप आहे,” की थर्मामीटरचा फोटो. एकदा “जेवलो” म्हणून खरकट्या ताटाचा फोटो आला. घरात सगळे त्याला हसतात, मीही हसते, आणि हसून झालं की मला पाणी प्यावंसं वाटतं. गणपतीला आणि भाऊबीजेला तो येतो, नीट बोलतो, नीट जातो. आम्ही भांडत नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

म्हणून मला तो गेम हवाच होता. त्याच आठवड्यात गौतमला घरी बोलावून टीव्हीला सगळं जोडून घेतलं. आमची चाळ पाडून तिथेच टॉवर झालाय, सतराव्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि जिथे पार्लर होतं ती जागा माझ्या खिडकीतून बोटभर दिसते. माझा नवरा उन्मेष गिरगावातला, बोलणं अगदी छापल्यासारखं. तो पेपर बाजूला करून म्हणाला, “सुनेत्रा, आपल्याला नातवंडं झालेली नाहीत, एवढं लक्षात असू दे.” मी म्हटलं, “म्हणूनच खेळतेय, नंतर कोण खेळू देणार आहे!” आणि खरं सांगते, पहिल्या संध्याकाळी मी आनंदाने वेडी झाले होते. जन्मात कधी त्या मशीनला माझा हात लागला नव्हता, नुसतं डोकं लागलं होतं पडद्याला, पण माझ्या बोटांना सगळं येत होतं. दगड यायच्या आधी अंगठा उडी मारत होता. पहिला डोंगर, दुसरा, तिसरा. चित्रं सुंदर होती, गवत वाऱ्याने हलत होतं, दोरीवाल्याच्या चेहऱ्यावर घामसुद्धा दिसत होता. फक्त घार सुलटी आली. चोच पुढे, शेपूट मागे, शहाण्या घारीसारखी. मला ते बघून कसंतरीच झालं, ओळखीच्या माणसाने दात बसवून घेतल्यावर होतं तसं. एक बटण दाबलं की जुनी चित्रं दिसायची सोय होती, तेही दाबून पाहिलं, पण जुन्या चित्रांतही घार सुलटीच. असेल, मी म्हटलं, मला चुकीचं आठवत असेल. मग तीन संध्याकाळी खपून मी सहाव्या डोंगरावर पोचले. धबधबा आला. मी पाण्यातून आत उडी मारली आणि दगडाच्या भिंतीवर आपटले. वरून मारली, खालून मारली, दोरी टाकली, उकिडवी बसले, सगळं केलं. भिंत. नुसती भिंत. नव्या चित्रांत शेवाळलेली आणि जुन्या चित्रांत करडी, पण भिंतच. मी टीव्ही बंद केला आणि काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसलं. म्हणजे हित्या खोटाच बोलला होता. मला हे आधीपासून माहीत होतं, मीच तर ते त्याला सांगितलं होतं, मग आता एवढं रडू का येत होतं ते कळेना. इतकी वर्षं कुठेतरी मी आशा धरून होते की तो खरा निघेल. तो खरा निघाला तर मी वाईट ठरणार होते, आणि मला तेच हवं होतं. वाईट ठरणं सोपं असतं, जाऊन पाय धरता येतात.

दुसऱ्या दिवशी हे सगळं नाही, पण भिंतीचं तेवढं गौतमला सांगितलं. उलट्या घारीचंही सांगितलं, गंमत म्हणून. तो चमच्यात पोहे तसेच धरून माझ्याकडे बघत राहिला. “मॅडम, घार उलटी? शुअर?” “शुअर म्हणजे काय, अख्ख्या लालबागला विचार.” “मग तुमचा गेम ओरिजिनल नव्हताच ना! तेव्हा इकडे सगळा डुप्लिकेट माल यायचा. कोणीतरी चिप कॉपी करायचे, त्यात आपली काशी घालायचे, रंग बदल, पक्षी बदल, रस्ते बदल. कंपनीने रीमास्टर बनवला तो त्यांच्या ओरिजिनलवरून. तुमचा दोरीवाला त्यांना माहीतच नसणार.” मी मटकन बाकावर बसले. आमचं अख्खं बालपण डुप्लिकेट निघालं होतं आणि मला इतका आनंद झाला होता की बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांचे एक्स-रे फुकट काढावेत असं वाटलं. गौतमही पेटला. जगभर जुन्या गेमवर जीव टाकणारी माणसं असतात, त्यांच्यात त्याने चौकशी केली, आणि तिसऱ्या दिवशी नाचत आला. कुणातरी हौशी माणसाने तसली डुप्लिकेट चिप जपून ठेवली होती, आणि तिच्यातले सगळे फेरफार नव्या गेमवर चढवता येतील असा मॉड करून फुकट वाटला होता. ब्राझीलमधल्या एकाने तर लिहिलं होतं की त्याच्या गल्लीतही घार उलटीच उडायची आणि दरवाजा हवा असेल तर धबधब्याकडे पाठ करून तीनदा दोरी टाका. पाठ करून! आम्ही मूर्ख सगळे तोंड करून टाकत होतो. त्या संध्याकाळी गौतमने घरी येऊन लॅपटॉपवरून मॉड चढवला, गेम सुरू केला, आणि आकाशातून घार आली. शेपूट पुढे, चोच मागे. मी उन्मेषला ओरडून बोलावलं. तो म्हणाला, “यात काहीतरी चुकलेलं दिसतंय.” मी म्हटलं, “नाही, आत्ता कुठे बरोबर झालंय!” आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

दोन दिवस लागले. शनिवारी दुपारी, घरात कुणी नसताना, मी धबधब्याशी पोचले, पाठ केली, दोरी टाकली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाणी मधोमध फाटलं आणि काळा चौकोन दिसला. मी किंचाळले. शेजारच्या बाईंनी बेल वाजवली, त्यांना म्हटलं पाल होती. मग हात पुसून आत गेले. आत एक बुटकी खोली होती, चार झाडं, एक किल्ली, बस. समुद्र नव्हता, होडी नव्हती. थोडं खटकलं, नाही असं नाही. पण अकरा वर्षांचं पोर, मी मनाशी म्हटलं, निळी फरशी पाहिली असेल, समुद्र वाटला असेल. एक्स-रेमधले हाडांचे बारीक तडे मला लांबून कळतात, आणि इथे समोर तडा दिसत असून मी त्याच्यावरून नजर फिरवली, कारण मला फार घाई झाली होती. दरवाजा होता. हित्या खरा होता. लगेच फोन केला. “उद्या ये. ये म्हणजे ये.” “काय झालंय ताई? बरी आहेस ना?” “बरी आहे रे, ये तू.” रात्री अंथरुणावर पडून मी वाक्यं जुळवली. तू खरं बोलत होतास. मी चुकले. मला माफ कर. तीन वाक्यं, तेहतीस वर्षांना पुरतील इतकी छान.

रविवारी अकराला तो आला. यायच्या आधी वरळी कोळीवाड्यातून घेतलेल्या सुरमईचा फोटो आला होता, मग पाठोपाठ सुरमई आणि तो. मी मासळी ओट्यावर टाकली आणि त्याला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. चार टिणटिण वाजले, घसरता आवाज आला, आणि माझा चव्वेचाळीस वर्षांचा, टक्कल पडत चाललेला, कधी मोठ्याने न हसणारा भाऊ एकदम ताठ झाला. “दोरीवाला?” मग घार आली. “अगं उलटी! आयला, उलटी!” तो हसायला लागला, इतका, की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं आणि कंट्रोलर हातात दिलं. त्याच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं. दगड, फांद्या, तुटका पूल, सगळं झपाझप मागे पडत होतं, तो जीभ दातांत धरून खेळत होता, आणि मी त्याच्या शेजारी सोफ्यावर गुडघे घेऊन बसले होते, पडद्याच्या आत, संपूर्ण आत. मला इतकं छान फार वर्षांत वाटलं नव्हतं. “आता बघ,” मी म्हणत होते, “आता सहावा येणार.” सहावा आला. धबधबा आला. त्याची बोटं थांबली. मी श्वास रोखला. तो पाण्याकडे तोंड करून उडी मारून आपटला. पुन्हा आपटला. मग दोरी टाकली, पण पाण्याकडेच. मला वाटलं विसरला असेल, इतकी वर्षं झाली. पण आत्तापर्यंतचा एक दगड तो विसरला नव्हता. तो शोधत नव्हताच, आठवत नव्हताच, तो नुसता वेळ काढत होता. त्याची मान हळूहळू खाली गेली होती. आणि मग ती होडी, तो समुद्र, ते सगळं एकदम माझ्या लक्षात आलं.

“ताई,” तो पडद्याकडेच बघत म्हणाला, “मला नाही येत इथून पुढे.”

“विसरलास?”

“नाही. मी उघडलाच नव्हता. त्या आनंदाचं सगळे सांगायचे ना, त्यावर मीच सगळं रचलं. होडीबिडी माझीच.” त्याने कंट्रोलर मांडीवर उताणं टाकलं. दोरीवाला डोंगरावर उभ्या उभ्या पाय हलवत राहिला. “तुला तर माहीतच होतं. तू बोललीस ना बाराव्याला.”

माझी तीनही वाक्यं फुकट गेली. आठ दिवस मी दरवाजा शोधत होते, ब्राझीलपर्यंत माणसं कामाला लावली होती, कारण तो खरा निघाला तरच मला त्याच्याशी बोलता येणार होतं. खोटा निघाला तर काय बोलायचं हे मी ठरवलंच नव्हतं. आणि तो मात्र इतकी वर्षं खोटा निघूनच जगत होता, माझ्या शेजारी, सणासुदीला, हातात पुराव्याचे फोटो घेऊन. मी त्याचा दंड घट्ट धरला.

“आई काविळीने गेली, हित्या,” मी म्हटलं. “ऐकतोयस ना? लिव्हर गेली तिची. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर वाचली असती. तू अकरा वर्षांचा होतास आणि एका गेमबद्दल थाप मारलीस. पोरं मारतात. शपथ मी घ्यायला लावली. मी. आणि नंतर तुला तसं बोलले, ते माझं पाप आहे, तुझं काही नाही.”

“ते कळतं गं मला,” तो म्हणाला. “डोक्याला कळतं. किती वेळा कळलंय.” मग लहान पोरं बोलतात तशा आवाजात, खाली बघून म्हणाला, “पण तू सुटली म्हणाली नाहीस.”

आमच्याकडे ते तसंच होतं. ज्याने शपथ घ्यायला लावली, त्याने ‘सुटली’ म्हणेपर्यंत ती घेणाऱ्याच्या अंगावर राहायची. तीन अक्षरं, जास्त नाहीत. रोज दहा शपथा घ्यायचो आणि दहा सोडवायचो, जेवायच्या आधी, झोपायच्या आधी, कुणी तरी आठवण करून द्यायचं, ए, सुटली म्हण. ही एक राहून गेली होती. आई आजारी पडली आणि मग कुणालाच आठवण झाली नाही, असं मी म्हटलं असतं, जर इतक्या वर्षांत कधी त्याचा विचार केला असता. त्याने मात्र केला होता. तो वाट बघत होता, आणि मागायला लाजत होता.

“सुटली,” मी म्हटलं. आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हटलं. “सुटली, हित्या. सुटली, सुटली, सुटली.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आई फिरवायची तसा, मणक्यावरून खाली. मग त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, कंट्रोलर उचललं आणि सोफ्यावर जरा पुढे सरकून बसला.

“दाखव आता,” तो म्हणाला, “कुठंय तो दरवाजा.”